तीन पत्ते आणि मूठभर चिंचोके: संतुलित खेळावं की समोरच्याला हेरून?

पोळ्याच्या सुमारास विदर्भात गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात, हे कळंबच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. करीच्या दिवशी तीन पत्तीला रंग चढतो आणि त्याच आठवड्यात पोलिसांच्या धाडींच्या बातम्याही छापून येतात. २०२५ सालचा पोळा २२ ऑगस्टला होता. नेमक्या त्याच दिवशी ऑनलाइन खेळांच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मग देशातल्या मोठ्या कंपन्यांनी मोबाइलवरचे पैशांचे पोकर आणि रमीचे डाव बंद केले.

डाव बंद झाले, पण मधल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या पोरांनी मोबाइलवर जे पोकर शिकून घेतलं ते डोक्यात तसंच राहिलं. व्हिडिओ पाहून शिकलेल्या या पोरांच्या तोंडी दोन शब्द हमखास येतात, ‘जीटीओ’ आणि ‘एक्स्प्लॉइट’. पहिल्याचा अर्थ संतुलित खेळ. समोरच्याने काहीही केलं तरी आपलं नुकसान ठरावीक मर्यादेच्या पुढे जाऊ न देणारा. दुसऱ्याचा अर्थ समोरच्याची खोड हेरून तिच्यावर कमाई करणं. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण बहुतेकांनी ते उलट्या क्रमाने शिकले आहेत. आधी हेरायला शिकले आणि संतुलन नंतर कधीतरी बघू म्हणाले. माझं स्पष्ट मत आहे की संतुलन कुठे आहे हे ज्याला माहीत नाही त्याला हेरताही येत नाही, कारण खोड म्हणजे संतुलनापासूनचं अंतर. मधली रेघ ठाऊक नसेल तर समोरचा तिच्या कोणत्या बाजूला आहे हे कळणार कसं?

हे शिकायला ना अ‍ॅप लागतं ना पैसा. तीन पत्ते, एक फासा, एक वही आणि मूठभर चिंचोके एवढ्यावर काम भागतं.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. २०२५ च्या कायद्याने ‘हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा’ हा जुना वादच बाजूला ठेवला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने ऑनलाइन खेळला जाणारा खेळ त्यात येतो, मग त्यात कितीही कौशल्य असो. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून ‘आपलं काय जातं’ असं समजून टेलिग्रामवर आलेल्या परदेशी अ‍ॅपच्या दुव्यावर पैसे भरणारे आहेत. त्यांचं बरंच काही जातं. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. आणि समोरासमोर बसून पैसे लावायचे म्हटले तर १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आहेच. त्यात अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही गुन्हेगार ठरतो. तेव्हा या लेखात जिथे जिंकणं-हरणं येईल तिथे चिंचोकेच समजावेत, आणि डाव संपल्यावर त्यांचे पैसे करायचे नाहीत.

तीन पत्त्यांचा डाव

हॅरोल्ड कून या अमेरिकी गणितज्ञाने १९५० साली पोकरचा एक अगदी छोटा नमुना मांडला. आख्ख्या पोकरमध्ये बोली, ब्लफ आणि संशय यांचं जे नातं असतं ते या तीन पत्त्यांत जसंच्या तसं उतरलं आहे. मी इथे तो आणखी थोडा सोपा करून देतो.

कॅटमधून एकाच रंगाचे गुलाम, राणी आणि राजा काढा. राजा सगळ्यात मोठा, गुलाम सगळ्यात लहान. दोघांनी खेळायचं. दोघंही एकेक चिंचोका मधे टाकतात, पत्ते पिसून प्रत्येकाला एक पत्ता मिळतो आणि तिसरा पालथा राहतो. पहिला खेळाडू नेहमी ‘चेक’ म्हणतो, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देतो. आता दुसऱ्याची पाळी. त्यानेही चेक म्हटलं तर पत्ते उघडायचे, मोठ्या पत्त्यावाला दोन्ही चिंचोके उचलतो. किंवा दुसरा आणखी एक चिंचोका लावू शकतो. त्याने लावला तर पहिल्यापुढे दोन वाटा उरतात. ‘पॅक’ म्हणायचं आणि आपला एक चिंचोका सोडायचा, किंवा आपलाही एक चिंचोका लावून ‘शो’ मागायचा. शोमध्ये मोठा पत्ता चारही चिंचोके घेतो. कूनच्या मूळ डावात पहिल्यालाही बोली लावता येते. ती मुभा इथे काढून टाकली तरी संतुलनाचं गणित बदलत नाही.

खेळायला बसल्यावर पाच मिनिटांत लक्षात येईल की यातले बहुतेक निर्णय आपोआप ठरलेले आहेत. पहिल्याकडे राजा असेल तर शो, गुलाम असेल तर पॅक. दुसऱ्याकडे राजा असेल तर बोली लावायचीच. दुसऱ्याकडे राणी असेल तर बोली लावायची नाही, कारण समोरचा गुलाम पॅक होईल आणि समोरचा राजा शो मागेल, मग मिळवायला उरलं काय? खरे निर्णय दोनच. दुसऱ्याकडे गुलाम आला तर ब्लफ मारायचा का, म्हणजे हरणाऱ्या पत्त्यावरही बोली लावायची का? आणि पहिल्याकडे राणी असताना समोरून बोली आली तर शो मागायचा का?

गुलामाचं आधी पाहू. दुसऱ्याने बोली लावली आणि पहिल्याकडे राणी आहे. शो मागायला त्याला एक चिंचोका टाकावा लागतो आणि मधे तीन आहेत. म्हणजे चार वेळा शो मागून एकदा जरी जिंकला तरी हिशेब बरोबरीत सुटतो. समोर राजा असण्याची शक्यता आणि गुलाम असण्याची शक्यता सारखीच. दुसरा प्रत्येक राजावर बोली लावतो आणि तीनपैकी एका गुलामावर ब्लफ मारतो असं समजा. मग त्याच्या चार बोलींत तीन खऱ्या आणि एक खोटी असते. पहिला शो मागो वा पॅक होवो, त्याला सारखंच पडतं. त्याला कोंडीत पकडणारं प्रमाण हेच, तीन गुलामांत एक ब्लफ.

आता राणीचं. ब्लफ मारणारा एक चिंचोका धोक्यात घालतो आणि मधले दोन मिळवायला बघतो. पहिला तीनपैकी एकदा पॅक होत असेल तर ब्लफचा हिशेब शून्यावर येतो. त्याहून जास्त पॅक झाला की ब्लफ फायद्याचा. समोरच्याकडे गुलाम असताना पहिल्याकडे निम्म्या वेळा राजा असतो, तेव्हा शो ठरलेला. उरलेल्या निम्म्या वेळा राणी असते. त्या राण्यांपैकी दोन तृतीयांश पॅक केल्या की एकूण पॅक होण्याचं प्रमाण बरोबर एक तृतीयांश होतं. म्हणून राणीवर तीनपैकी एकदा शो मागायचा.

दोघांनीही असं खेळलं तर दर १८ डावांत दुसऱ्याला सरासरी एक चिंचोका सुटतो. ही शेवटी बोलण्याच्या जागेची किंमत आहे. आलटून पालटून जागा बदलल्या की दोघं बरोबरीत. वाटण्या सहाच शक्य आहेत, तेव्हा कागदावर मांडून हा हिशेब स्वतः करून पाहावा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

‘तीनपैकी एकदा’ हे मनाने ठरवायचं नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची. माणसाला मनाने बेहिशेबी वागता येत नाही. नुकताच ब्लफ पकडला गेला की तो पुढचे दोन गुलाम गप्प बसतो, आणि समोरचा हे तिसऱ्या वेळी ओळखतो. म्हणून वाटीखाली फासा टाका. एक किंवा दोन आलं तर ब्लफ, नाहीतर चेक. फासा नसेल तर घड्याळाचा सेकंदकाटा पाहा, पहिल्या वीस सेकंदांत असेल तर ब्लफ. मात्र प्रत्येक डावात पाहा, राजा असो वा राणी. नाहीतर घड्याळाकडे पाहणंच तुमचा गुलाम सांगून टाकेल.

समोरचा संतुलित नसेल तेव्हा

प्रत्यक्षात समोर बसलेला माणूस फासा टाकून खेळत नाही. त्याला स्वभाव असतो. कुणी भित्रा असतो, राणी हातात असताना बोली आली की पॅक. कुणी चौकस असतो, समोरच्याकडे काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, तो प्रत्येक राणीवर शो मागतो. तुम्ही दुसऱ्या जागेवर आहात आणि संतुलित खेळत आहात असं समजा. या दोघांविरुद्ध तुम्हाला किती मिळेल? १८ डावांत सरासरी एकच चिंचोका, भित्र्याकडूनही एक आणि चौकसाकडूनही एक. संतुलित खेळाचा हा भक्कमपणा आहे आणि हीच त्याची मर्यादा. समोरचा या जागी चुकतो आहे याने त्याचं काही बिघडत नाही आणि तुमचं काही वाढत नाही.

भित्र्याविरुद्ध प्रत्येक गुलामावर ब्लफ मारून पाहा. १८ डावांत सरासरी तीन चिंचोके सुटतात. चौकसाविरुद्ध एकही ब्लफ मारू नका, राजावरच बोली लावा. तिथेही तीनच सुटतात. एकाच्या जागी तीन, ही हेरण्याची कमाई.

पण भित्र्याला तुमचा डाव कळला तर? समजा त्याने मनाशी ठरवलं की आता प्रत्येक राणीवर शो. तुम्ही मात्र अजून प्रत्येक गुलामावर ब्लफ मारता आहात. हिशेब उलटतो, आता १८ डावांत तुमचेच तीन चिंचोके जातात. चौकसाच्या बाबतीत असं झालं, म्हणजे तुम्ही ब्लफ मारत नाही हे ओळखून तो राण्या पॅक करू लागला, तर तुमची सरासरी शून्यावर येते. हातचा एक चिंचोका जातो, पण पदरचं काही जात नाही. या दोन आकड्यांतला फरक मनात पक्का ठेवावा. जास्त ब्लफ मारणं उघडं पडलं तर ते महागात पडतं. कमी ब्लफ मारणं उघडं पडलं तर थोडक्यात भागतं. अंदाज कच्चा असेल तेव्हा ब्लफ कमी करण्याच्या बाजूला झुकावं ते यासाठीच.

शिवाय टोकाला जाण्याची सक्ती नाही. भित्र्याविरुद्ध तीनपैकी तीन ऐवजी दोनपैकी एका गुलामावर ब्लफ मारला तर सरासरी दीड चिंचोका मिळतो, आणि त्याने डाव ओळखला तरी तुम्ही शून्यावर थांबता. शिवाय इतका छोटा बदल समोरच्याला चटकन दिसत नाही. कबड्डीत चढाईला जाणारा डावा कोपरा कच्चा आहे म्हणून दर चढाईत तिकडेच गेला तर पाचव्या चढाईला तिथे साखळी उभी असते. जाणता चढाईपटू अधूनमधून उजवीकडेही पाय टाकून येतो.

हेरण्यातली सगळ्यात मोठी चूक घाईची. भित्रा म्हणून शिक्का मारायला किती डाव पुरेत? संतुलित खेळणारासुद्धा तीनपैकी दोन राण्या पॅक करतोच. अशा माणसाने लागोपाठ पाच राण्या पॅक करण्याची शक्यता शेकडा १३ च्या आसपास आहे, म्हणजे अजिबात दुर्मीळ नाही. लागोपाठ दहा पॅक केल्या तर शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते. तेव्हा काही बोलता येईल. आणि दहा राण्या दिसायला पंचेचाळीसेक डाव तरी लागतात, कारण राणी असून समोरून बोलीही यायला हवी. शिकताना डाव संपल्यावर दोघांनीही पत्ते उघडून दाखवावेत, नाहीतर मोजायला काही हाती लागत नाही.

मोजणं हा शब्द आला की मला नळराजाची गोष्ट आठवते, आणि ती आपल्या मुलखाची आहे. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या माहेरचं कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, असं आपण मानतो. हीच वर्धा पुढे आपल्या यवतमाळ जिल्ह्याची सीव होते. भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत खेळताना नळ हरत गेला, तरी थांबला नाही आणि राज्य गमावून बसला. पुढे बाहुक या नावाने सारथी होऊन तो ऋतुपर्ण राजाला विदर्भाकडे घेऊन निघाला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसत्या नजरेने सांगितली. नळाने रथ थांबवून मोजली, तर संख्या तंतोतंत जुळली. तेव्हा आपली अश्वविद्या देण्याचं कबूल करून त्याने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, घेतलं. मग पुन्हा खेळून राज्य परत मिळवलं. वनपर्वातल्या या आख्यानात फाशांची विद्या आणि संख्येची विद्या एकाच माणसाकडे आहे. हे सांगणाऱ्याला खेळ नीट कळला होता असं मला वाटतं. मात्र गोष्टीतलं राज्य परत आलं म्हणून आपलं शेत परत येईल असं कुणी समजू नये.

मोठ्या पोकरकडे

पूर्ण बावन्न पत्त्यांच्या ‘होल्डेम’ या पोकरमध्ये हेच तत्त्व चालतं, फक्त आकडे बोलीच्या आकारावर बदलतात. शेवटच्या फेरीत मधे १०० चिंचोके आहेत आणि तुम्ही ५० लावले, तर समोरच्याला ५० टाकून १५० मिळवायचे असतात. चारात एकदा जिंकला तरी त्याचं भागतं. म्हणून तीन खऱ्या बोलींमागे एक ब्लफ हे संतुलन. तुम्ही १०० लावले तर त्याला १०० टाकून २०० मिळवायचे, म्हणजे तिनात एकदा. इथे दोन खऱ्यांमागे एक ब्लफ चालतो. जितकी बोली मोठी तितका ब्लफचा वाटा मोठा. उलट बाजूने, ५० च्या बोलीला समोरच्याने तीनपैकी एकाहून जास्त वेळा पॅक होऊ नये, १०० च्या बोलीला निम्म्याहून जास्त वेळा नको. आधीच्या फेऱ्यांत पत्ते अजून यायचे असतात आणि ब्लफचा हात सुधारूही शकतो, म्हणून तिथे हे आकडे जसेच्या तसे लावायचे नाहीत.

संगणकांनी या क्षेत्रात काय केलं हे थोडं पाहण्यासारखं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने २०१५ साली दोघांचा, ठरावीक बोलीचा होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. त्यांचा ‘सेफियस’ हा प्रोग्राम जन्मभर खेळूनही हरवता येणार नाही इतका संतुलनाच्या जवळ पोचला होता. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘लिब्राटस’ पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत चार व्यावसायिक खेळाडूंशी १,२०,००० डाव खेळला आणि जिंकला. लिब्राटस चौघांच्या खोडी हेरायला गेला नाही. दिवसभरात त्या चौघांनी त्याच्या खेळात जी छिद्रं शोधली, ती तो रात्री बुजवून टाकायचा. समोरच्याचं दुबळेपण शोधण्याआधी स्वतःचं शोधा, हा शिकणाऱ्याने तिथून घ्यावा असा धडा.

एक सावधगिरी. ‘संतुलित खेळलो की सरासरीत हरणार नाही’ ही हमी दोघांच्या डावात आहे. टेबलाभोवती सहा जण असतील तर गणिताने तशी हमी कुणीच देत नाही. दोघांच्या चुका मिळून तिसऱ्याचं नुकसान होऊ शकतं. व्हिडिओत सहा जणांच्या टेबलाचे तक्ते दाखवून ‘हे पाठ करा, कुणी हरवू शकत नाही’ म्हणणारे लोक चुकीचं सांगतात.

मग कुठे काय वापरायचं? अनोळखी माणसाशी, थोडे डाव खेळायचे असतील आणि फुकट चिपांवर चालणाऱ्या अ‍ॅपवर नावं सारखी बदलत असतील, तर संतुलनाच्या जवळ राहा. हेरायला पुरेसं दिसतच नाही. त्यातल्या त्यात एक सवय नवशिक्यांत सर्रास दिसते. त्यांना पॅक व्हायला आवडत नाही. तेव्हा अशा टेबलावर ब्लफ कमी ठेवावेत आणि चांगल्या हातावर न लाजता लावावं. घरचं टेबल मात्र वेगळं. तिथे वर्षानुवर्षं तीच माणसं असतात. काका राजा आला की पत्ता खाली ठेवतात, धाकटा गुलाम आला की जास्त बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे हेरून खेळण्याला खरा वाव आहे. पण तुम्ही जितकं त्यांना ओळखता तितकंच ते तुम्हाला ओळखतात, म्हणून घरी हेरताना वरचेवर संतुलनावर परत यावं. आणि धाकट्याची खोड पकडून दोन तास त्याचे चिंचोके जिंकलात, तर उठताना ती खोड त्याला सांगून टाका. पुढच्या वेळी तो बरा खेळेल आणि तुम्हालाही नवं काही शोधावं लागेल. पैसा मधे असता तर हे कुणी सांगितलं नसतं.

सरावाचा क्रम मी असा सुचवेन. सुरुवातीच्या बैठकांत दोघांनीही फासा टाकून काटेकोर संतुलित खेळा, पत्ते उघडे दाखवा आणि वहीत चारच रकाने ठेवा: गुलाम किती आले, त्यांतले ब्लफ किती, राणीवर बोली किती वेळा आली, त्यांत शो किती. जिंकलेले चिंचोके लिहू नका. १८ डावांत पाच-सहा चिंचोके इकडचे तिकडे होणं केवळ नशिबाने घडतं, त्यातून एका चिंचोक्याचा फरक दिसत नाही. दिसतो असं वाटणं हेच धोक्याचं. फाशाशिवायही प्रमाण सांभाळता येऊ लागलं की एकाने फासा बाजूला ठेवावा आणि मनाप्रमाणे खेळावं, दुसऱ्याने वही पाहून त्याची खोड ओळखावी. मग भूमिका बदला. ज्या दिवशी समोरच्याची खोड आकड्यात सांगता येईल, ‘हा घाबरतो’ असं नाही तर ‘हा बारापैकी अकरा राण्या पॅक करतो’ असं, त्या दिवशी तुम्ही हेरायला शिकलात. त्यानंतर होल्डेमकडे वळायला हरकत नाही.

आणि ज्यांना अजून वाटतं की एवढं शिकल्यावर पैशांच्या टेबलावर कमाई होईल, त्यांच्यासाठी एक साधा हिशेब. आपल्याच तीन पत्त्यांच्या डावात प्रत्येक वेळी मधे कमीत कमी दोन चिंचोके येतात, १८ डावांत ३६. टेबल चालवणाऱ्याने समजा शेकडा पाच कापले, तर १.८ चिंचोके दोघांच्याही हातून कायमचे गेले. संतुलित खेळून दुसऱ्या जागेचा जो एक चिंचोका मिळत होता, त्याहून ही कापणी मोठी आहे. बरोबरीचे दोन हुशार खेळाडू जागा बदलत रात्रभर खेळले तर दोघंही हरतात आणि टेबलवाला जिंकतो. त्याला ना संतुलन लागतं ना हेरणं. मोबाइलवरच्या पोकरमध्ये प्रत्येक डावातून अशी कापणी होत होती, आणि डाव इतके भरभर चालायचे की ती नजरेतच भरत नसे.

म्हणून ज्यांच्या मोबाइलवर अशी परदेशी अ‍ॅप अजून आहेत त्यांनी त्यात असेल ती रक्कम काढून घ्यावी आणि अ‍ॅप आजच काढून टाकावं. पैसे काढायला आधी आणखी पैसे भरा असं कुणी सांगितलं तर भरू नयेत, ती फसवणूक असते. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड. घरातल्या कुणाची खेळापायी झोप उडाली असेल, उधारी लपवली जात असेल, तर त्याला रागावण्याआधी सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून द्या. फोन मोफत आहे, रात्रीही उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं.